सांगू नको, मी करून राहिलो

गेल्या सप्टेंबरात महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी मी नागपूरला धरमपेठेतल्या माहेरी गेले होते. सोळा भाज्यांची निवडानिवड आटोपून, पंगतीसाठी जागा मोकळी करावी म्हणून समोरच्या खोलीत डोकावले, तर तिथे माझी भाची आणि तिच्या शाळेतले तिघे जण जमिनीवर वह्या पसरून बसलेले होते. पुढच्याच रविवारी त्यांची गणित ऑलिम्पियाडची पहिली चाळणी होती: तीन तास, ३० प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर एक पूर्णांक संख्या. भाचीचे एखादे गणित सुटले असावे, कारण ती उत्साहाने शेजारच्या मुलाच्या वहीवर वाकली आणि तो मुलगा वही छातीशी धरून जवळजवळ ओरडला, “सांगू नको ना, मी करून राहिलो!” पाने मांडायचे राहिले बाजूला, मी दारातच उभी राहिले.

‘करून राहिलो’ ह्या आमच्या क्रियापदाला पुण्यात लोक हसतात. तिथे इतकी वर्षे काढल्यावर माझ्या बोलण्यातूनही ते बरेचसे गेले आहे. पण त्या क्षणी मला वाटले की त्या मुलाला जे म्हणायचे होते ते दुसऱ्या कोणत्याही रूपात म्हणता आले नसते. ‘मी करतो आहे’ म्हटले की काम चालू असल्याची नुसती नोंद होते. ‘करून राहिलो’ म्हणणारा माणूस त्या कामात मुक्कामाला असतो, आणि तिथून त्याला कोणी उठवू नये एवढेच त्याचे मागणे असते.

हेच मागणे मी ह्याच खोलीत पहिल्यांदा ऐकले ते १९९६ साली. दहावीची परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता आणि मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हते. खिडकीत खसच्या ताट्या लावलेला मोठा कूलर घरघरत असे आणि त्याच्या समोर आम्ही पाच जण बसत असू. त्यांची नावे इथे लिहिणे बरे नाही, म्हणून जिथून ते सायकलवर येत त्या वस्त्यांच्याच नावांनी त्यांना ओळखू या: एक महालातला, एक खामल्याचा, एक सक्करदऱ्याची मैत्रीण, एक मूळचा हिंगणघाटचा पण शिक्षणासाठी मामांकडे राहणारा, आणि धरमपेठेतली मी. शेजारच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक राहत होते. पंधरा दिवसांतून एकदा ते येत, पाच-सहा प्रश्न देत, आईने केलेला चहा घेत आणि निघून जात. बाकी सगळे आमचे आम्हीच.

ही ऑलिम्पियाड म्हणजे काय हे तेव्हा नागपुरात फार घरांत ठाऊक नव्हते. १९५९ मध्ये रुमानियात सात देशांच्या शाळकरी मुलांसाठी सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारत १९८९ पासून भाग घेऊ लागला होता, आणि नेमकी त्याच वर्षी, १९९६ च्या जुलैत, ती मुंबईत भरली. ७५ देशांची मुले आली होती. वर्तमानपत्रातले त्या बातमीचे कात्रण आम्ही कूलरच्या वरच्या भिंतीवर चिकटवले होते. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीनच प्रश्न, प्रत्येकाला सात गुण. इतका वेळ आणि इतके थोडे प्रश्न, हे प्रमाणच आम्हाला थक्क करणारे होते, कारण दहावीच्या सरावात आम्ही एकेका गणिताला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिलेला नव्हता. तिथवर जाण्याची वाट विभागीय परीक्षेतून जात असे आणि ती डिसेंबरच्या सुरुवातीला होती. त्या परीक्षेत पर्याय नसत. संख्यांचे गुणधर्म, बीजगणित, भूमिती आणि मोजणी-मांडणीचे प्रश्न एवढाच आवाका, त्यात कलनशास्त्राचा मागमूस नाही. म्हणजे लागणारी हत्यारे जवळपास सगळी दहावीच्या दप्तरात असतात. तरीसुद्धा पहिल्या रविवारी दिलेल्या सहा प्रश्नांपैकी एकही आमच्यापैकी कोणाला सुटला नाही.

पाच जणांनी मिळून अभ्यास करायचा म्हणजे काम वाटून घ्यायचे, अशी आमची आधीची समजूत. इतिहासाच्या टिपा आम्ही तशाच वाटून घेत आलो होतो. इथे ते पहिल्या महिन्यातच कोलमडले. एकाला युक्ती सुचली की तो ती बोलून टाकी, बाकीचे चौघे “अरे हो!” म्हणत आणि वहीत उतरवून घेत, संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र त्याच धाटणीचा दुसरा प्रश्न त्या चौघांना सुटत नसे. त्यावर तोडगा ठरवून निघाला नाही, तो कूलरमुळे निघाला. कूलरच्या घरघरीत बोललेले धड ऐकू येत नसे, ओरडायचा कंटाळा येई, म्हणून ज्याचे गणित सुटे तो उठून स्वयंपाकघरात माठातले पाणी प्यायला जाऊ लागला. हळूहळू ती खूणच झाली. ओगराळे माठात बुडाल्याचा आवाज आला की समजायचे, एकाचे झाले. परत आल्यावर त्याने जागेवर बसून आपली सिद्धता स्वच्छ अक्षरात लिहायची आणि बाकीचे उठेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाही. पावसाळा लागला, कूलर बंद झाला, खोलीत कुजबुजसुद्धा स्पष्ट ऐकू येऊ लागली, तरी हा नियम टिकला.

तो पाळणे फार जड जात असे. आपल्याला उत्तर येते आहे आणि समोरचा चुकीच्या दिशेला पानामागून पान खर्ची घालतो आहे, हे शांतपणे पाहत बसणे पंधरा वर्षांच्या मुलांना सोपे नसते. त्यात मोठेपणा मिरवण्याची हौस असते आणि मनापासूनची कणवही असते, आणि दोन्ही एकाच वाक्यातून बाहेर पडतात, त्यामुळे आपण नेमके कशासाठी सांगतो आहोत हे सांगणाऱ्यालाही कळत नाही.

खरे तर मला हे सर्वांत आधी उमजायला हवे होते. चौथीत असताना आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी मला कापरेकरांची संख्या सांगितली होती. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधून काढलेली ती गोष्ट अनेकांना माहीत असेल: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायची, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. “काहीही घे, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येणार आणि मग तीच येत राहणार,” पाहुणे म्हणाले. मी ३५२४ घेतली. ३०८७ आले, मग ८३५२, मग ६१७४. मला आनंद झाला, नाही असे नाही. पण तो दुसऱ्याच्या घरच्या पंगतीला बसल्यासारखा होता. वजाबाकी मला येत होती. पाहुण्यांनी नुसते “करत राहा आणि काय होते ते बघ” म्हटले असते, तर निरनिराळ्या संख्यांमागून तीच एक संख्या पुन्हा पुन्हा वर येताना मला स्वतःला दिसली असती. १९९६ च्या त्या सुट्टीत आम्ही गंमत म्हणून सालाचेच अंक घेऊन पाहिले, पाच पायऱ्या लागल्या; मला मात्र पाचव्या पायरीवर काय येणार ते आधीच माहीत होते, आणि ते माहीत नसण्याची सोय आता कधीच होणार नव्हती.

एवढे कळूनही ऑगस्टमधल्या एका रविवारी मी तेच केले. प्रश्न असा होता: सहा माणसे एकत्र आली, तर त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघे किंवा एकमेकांना मुळीच न ओळखणारे तिघे सापडतातच, हे सिद्ध करा. सक्करदऱ्याची मैत्रीण त्यावर तासभर बसली होती. तिने आधी पाच ठिपके काढून त्यांना आमच्या पाच वस्त्यांची नावे दिली होती आणि पंचकोन काढला होता: बाजू म्हणजे ओळख, कर्ण म्हणजे अनोळख. त्या आकृतीत तिन्ही बाजूंनी ओळखीचा त्रिकोण नाही आणि तिन्ही बाजूंनी अनोळखीचाही नाही. म्हणजे पाच माणसे पुरत नाहीत, हे तिने कोणी न विचारता स्वतःच दाखवले होते. आता सहावा ठिपका कुठेही ठेवला तरी काही तरी मोडते हे तिला दिसत होते, पण का मोडते ते हाती लागत नव्हते. माझे गणित केव्हाच झाले होते. मला राहवले नाही. “अगं, एकाच माणसाकडे बघ ना, उरलेल्या पाचांपैकी तिघं तरी त्याला एकाच तऱ्हेचे असणार,” मी म्हणाले.

पुढचे दोन मिनिटांत झाले. समजा ते तिघे त्याच्या ओळखीचे असतील. त्यांच्यातल्या कोणत्याही दोघांची आपसांत ओळख निघाली तर त्याला धरून ओळखीचे तिघे झाले, आणि कोणाचीच निघाली नाही तर ते तिघेच एकमेकांना अनोळखी. तिघे अनोळखी असतील तरी हेच उलटे करून. तिने ते नीट लिहिले, पेन बंद केले आणि म्हणाली, “झालं. पण हे आता माझं नाही राहिलं.” तिच्या आवाजात राग नव्हता. त्या दिवशी ती पोहे न खाताच गेली. आमच्या गल्लीच्या तोंडावरचे तर्री पोहे म्हणजे रविवारचा शेवटचा तास असे, ते सोडून ती आधी कधी गेली नव्हती. मी तिच्याजवळून जे घेतले ते परत करण्याचा कोणताही मार्ग नव्हता. गणितातल्या उत्तराबद्दल हे फार खरे आहे: ते दिल्यावर परत घेता येत नाही.

तर मग काहीच मदत करू नये का? ह्यावर आमचे पुष्कळ बोलणे झाले, कारण खामल्याचा मित्र म्हणे की तासन्‌तास भिंतीवर डोके आपटण्यात काही पुण्य नाही. त्याचे म्हणणे मला आजही पटते. सरांना विचारले, तेव्हा बोलणे कुठल्याशा वळणाने हिंगणघाटावर गेले. हिंगणघाटचा मित्र म्हणाला, “आमच्या गावात एका साहेबाची कबर आहे, तो त्रिकोण मोजत मोजत आला आणि तिथंच मेला.” सरांनी ती गोष्ट पुरी केली. विल्यम लॅम्ब्टन ह्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्या दोन टोकांवरून दूरच्या ठिकाणांचे कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, तो देशाच्या मोजणीला लागला. वीस वर्षे ते काम करत उत्तरेकडे सरकताना, नागपूरच्या वाटेवर, १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला. एका त्रिकोणाची एक बाजू माहीत असली आणि कोन मोजता आले की उरलेल्या बाजू काढता येतात, आणि त्यांतली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. अधूनमधून पडताळ्यासाठी तेवढी एखादी नवी रेषा मोजायची. सर म्हणाले, “मदत करायची तर तेवढीच करा. एक बाजू मोजून द्या, कोन त्याचे त्याला मोजू द्या.” मग ते स्वतः कशी मदत करत ते आमच्या लक्षात आले. आम्ही अडलो की ते उलट प्रश्न विचारत: आठ ऐवजी चार घेतले तर काय होते? आकृती मुद्दाम वेगळी काढून पाहिली का? पक्षातली, म्हणजे प्रश्नात दिलेली, कोणती गोष्ट अजून वापरलेली नाही? ह्या तिसऱ्या प्रश्नाने आमची जितकी गणिते सुटली तितकी कोणत्याही सूत्राने सुटली नाहीत.

‘पक्ष’ हा शब्द महालातल्या मित्राचा. आमच्यातला तो एकटाच पूर्ण मराठी माध्यमातला, आणि भूमितीच्या प्रत्येक उदाहरणाला तो ‘पक्ष, साध्य, रचना, सिद्धता’ असे चार भाग पाडून लिही. अकरावीत सगळे इंग्रजीतून शिकावे लागणार ह्याची त्याला धास्ती होती. पण आम्ही त्याच्याकडून ते शब्द उचलले, कारण त्यांच्यामुळे विचाराला टप्पे मिळत. त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात त्याला तो ‘लंबसंपात’ म्हणे, आणि त्या बिंदूचे कोणत्याही बाजूत पडणारे प्रतिबिंब परिवर्तुळावर असते हे त्याने सिद्ध केले त्या दिवशी हा शब्द मला इतका आवडला की मी तो वहीच्या कव्हरवर लिहून ठेवला.

तो सावकाश होता. माठाकडे जाणाऱ्यांत त्याचा नंबर बहुतेक वेळा शेवटचा, आणि कित्येकदा तो जातच नसे. सप्टेंबरात सरांनी तो जुना, प्रसिद्ध प्रश्न दिला. बुद्धिबळाच्या पटाचे तिरप्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाकले, तर उरलेली ६२ घरे प्रत्येकी दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी पूर्ण झाकता येतील का? आम्हा चौघांचे अर्ध्या तासात झाले, कारण आमच्यासमोर घरातला बुद्धिबळाचा खराखुरा पट होता. समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात. ते गेले की एका रंगाची ३० घरे राहतात आणि दुसऱ्या रंगाची ३२. आणि पट्टी तर नेहमी दोन्ही रंगांचे एकेक घर झाकते. एका वाक्याचे उत्तर. महालातल्या मित्राने मात्र पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आठ बाय आठचे चौकोन आखून घेतले होते, त्यांना रंग नव्हता. जुन्या लग्नपत्रिका कापून त्याने ३१ पट्ट्या केल्या आणि तो त्या मांडू लागला.

तो तीन रविवार त्या पुठ्ठ्याशी बसला. प्रत्येक वेळी शेवटी दोन घरे उघडी राहत आणि एक पट्टी हातात. दुसऱ्या रविवारी खामल्याचा मित्र काही तरी बोलणार असे वाटले, तेव्हा मान वर न करताच तो म्हणाला, “सांगू नको बाप्पा, मी करून राहिलो.” ‘रंग’ हा एक शब्द पुरेसा होता. तो आम्हा चौघांच्या ओठांवर होता. सक्करदऱ्याच्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले, आणि मी उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

तिसऱ्या रविवारी दुपारी माठातले ओगराळे वाजले. आम्हाला वाटले, रंग सापडले. त्याने वही पुढे केली तेव्हा तिच्यात रंगांचा उल्लेखही नव्हता. त्याने ओळी मोजल्या होत्या. वरच्या ओळीतला एक कोपरा गेला, म्हणून तिथे सात घरे. आडवी पट्टी त्याच ओळीतली दोन घरे घेते, तेव्हा पहिल्या ओळीतून दुसरीत उतरणाऱ्या उभ्या पट्ट्या विषमच असल्या पाहिजेत. दुसऱ्या ओळीत आठ घरे. त्यांतली विषम वरच्या पट्ट्यांनी घेतली, विषम उरली, म्हणून तिसरीत उतरणाऱ्या पट्ट्याही विषम. असे करत दोन ओळींमधल्या सातही सीमांवर विषम. सात विषम संख्यांची बेरीज विषम, म्हणून उभ्या पट्ट्या एकूण विषम. पुठ्ठा फिरवून आडवा धरला की हेच सारे आडव्या पट्ट्यांना लागू, त्याही विषम. विषम अधिक विषम सम. आणि पट्ट्या तर ३१. इति सिद्धम्.

आम्ही ते दोनदा वाचले, न पटणाऱ्या पायरीपाशी पेन्सिलीने ‘का?’ लिहावे म्हणून तशी जागा शोधली, सापडली नाही. सरांनी वाचले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ते पान आपल्या डायरीत उतरवून घेतले. आमच्यापैकी कोणीही त्या तीन आठवड्यांत तो एक शब्द बोलले असते, तर ही सिद्धता त्या खोलीत कधीच जन्मली नसती, आणि ती जन्मली नाही हे कोणाला कळलेही नसते. ह्या विचाराने मला अजूनही धसका बसल्यासारखे होते. “तुमचं कसं झालं होतं?” त्याने विचारले. खामल्याचा मित्र म्हणाला, “सांगू?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “नको.”

डिसेंबरात परीक्षा झाली. सक्करदऱ्याची मैत्रीण तेवढी राष्ट्रीय फेरीसाठी निवडली गेली. महालातला मित्र तीन तासांतले अडीच तास एकाच प्रश्नात होता. तो त्याने पूर्ण सोडवला आणि बाकीचे कोरे ठेवले. परीक्षेला वेळेची मर्यादा असणारच, त्याविरुद्ध माझी तक्रार नाही, तरी त्याच्या वाट्याला आलेल्या निकालाचे मला तेव्हा वाईट वाटले आणि आजही वाटते. आमच्या त्या नियमाने त्याला घाई करायला शिकवले नाही, हेही खरे आहे, आणि ते मी स्वतःपासून लपवू इच्छित नाही. निकालानंतरच्या रविवारी तो आला, पुठ्ठा आणि पट्ट्या माझ्याकडे ठेवायला दिल्या, आणि सरांनी दिलेला नवा प्रश्न घेऊन खिडकीपाशी बसला.

महालक्ष्म्यांचे जेवण आटोपल्यावर, मुले आपापल्या घरी गेल्यावर, मी माळ्यावरची माझी जुनी पेटी काढली. पुठ्ठा मधोमध दुमडला होता, पण चौकोन स्पष्ट होते. भाचीला प्रश्न सांगितला. ती म्हणाली, “आत्या, चेसबोर्ड आणू का?” मी म्हटले, ह्याच्यावरच कर. तिने पट्ट्या मोजल्या तर ३० च भरल्या. एक इतक्या वर्षांत कुठे तरी गेली होती. ३० पट्ट्या त्या पुठ्ठ्यावर बसतात, नीट बसतात, आणि ३१वी जवळ नसेल तर अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतच नाही. देवापुढे त्या आठवड्यात आलेली एक लग्नपत्रिका पडली होती. तिने ती उलटी केली, जुनी पट्टी तिच्यावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि कात्री आणायला आत गेली.